बोअर आणि स्ट्रोक मोजून व्हायपरच्या पाच पिढ्या ओळखायच्या कशा

आमच्या वर्कशॉपमध्ये नवीन पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवशी मी त्याच्या हातात पाना देत नाही, वही देतो. पान आडवं धरायचं, पाच उभे रकाने आखायचे आणि डाव्या कडेला एकाखाली एक लिहायचं: साल, बोअर, स्ट्रोक, सीसी, एचपी, लिटरमागे एचपी. बोअर म्हणजे सिलेंडरच्या भोकाचा व्यास, स्ट्रोक म्हणजे पिस्टन वर-खाली जितका सरकतो ते अंतर, सीसी म्हणजे इंजिनाचं आकारमान, एचपी म्हणजे ताकद. मग समोरच्या भिंतीवरच्या लाल गाडीकडे बोट दाखवून सांगतो, ही वही भरायची ती या गाडीची.

नाशिकात द्वारकेवरून आडगावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत आमचं दुकान. ३१ वर्षं बोअरिंग-होनिंग, म्हणजे झिजलेले सिलेंडर कापून गुळगुळीत करायचं काम करतोय. ट्रक, टेम्पो, आणि निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षबागांचे ट्रॅक्टर, हे आमचं रोजचं गिऱ्हाईक. भिंतीवरचं चित्र १९९७ साली रविवार कारंज्याजवळच्या एका रद्दीवाल्याकडून घेतलेल्या परदेशी मासिकातलं आहे. गाडी डॉज व्हायपर, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीची. तेव्हा मला तिचं नावही नीट वाचता आलं नव्हतं, पण खाली बारीक अक्षरात बोअर आणि स्ट्रोक छापला होता, आणि तो आकडा बघून मी दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. का, ते तुम्हीच गणित करून बघा.

आधी सूत्र. बोअर सेंटीमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, ०.७८५४ ने गुणा, मग स्ट्रोकने गुणा, मग सिलेंडर किती आहेत त्या संख्येने. उत्तर सीसीमध्ये येतं. सवयीसाठी आधी ओळखीचं इंजिन घ्या. मारुती ८०० चा बोअर ६.८५, स्ट्रोक ७.२, सिलेंडर तीन. वर्ग ४६.९२, गुणिले ०.७८५४ म्हणजे ३६.८५, गुणिले ७.२ म्हणजे एका सिलेंडरचे २६५, तिघांचे मिळून ७९६. गाडीच्या कागदावर हाच आकडा आहे.

आता व्हायपर. पहिल्या गाडीचा बोअर ४ इंच, स्ट्रोक ३.८८ इंच. सेंटीमीटरमध्ये १०.१६ आणि ९.८५५. गुणाकार केला की एका सिलेंडरचे ७९९ सीसी येतात. एका! म्हणजे आख्खी मारुती ८०० या गाडीच्या एका भोकात बसते, आणि अशी भोकं दहा. ७,९९० सीसी. तो मासिकाचा कागद हातात घेऊन मी हा गुणाकार तीनदा केला होता.

पहिला रकाना भरा: १९९२, १०१.६ मिमी, ९८.६ मिमी, ७,९९०, ४०० एचपी. लिटरमागे ५०.

हा पहिला रकाना भरला की पोरं लगेच दुसऱ्याकडे धावतात. मी थांबवतो. इथे थोडं बसायचं, कारण पुढच्या २५ वर्षांचं मूळ इथे आहे.

१९८८ मध्ये क्रायस्लर कंपनीचे बॉब लुट्झ यांनी डिझाइनचे प्रमुख टॉम गेल यांच्याकडे एक कल्पना मांडली: साठच्या दशकातल्या शेल्बी कोब्रासारखी, छप्पर नसलेली, दांडग्या इंजिनाची गाडी पुन्हा करायची. जानेवारी १९८९ मध्ये डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात नमुना उभा राहिला आणि लोकांनी तो इतका उचलून धरला की रॉय शोबर्ग यांच्या हाताखाली एक छोटी टोळी वेगळी काढून कामाला लावली. मे १९९० मध्ये अध्यक्ष ली आयकोका यांनी होकार दिला. कोब्रा बनवणारे कॅरोल शेल्बी या कामात सल्लागार होते, आणि १९९१ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत त्यांनीच विक्रीपूर्व व्हायपर पेस कार, म्हणजे शर्यतीच्या सुरुवातीला सगळ्यांच्या पुढे चालणारी गाडी, म्हणून चालवली. त्या जागी आधी डॉजची स्टेल्थ ठरली होती, पण ती जपानमध्ये तयार होणारी गाडी म्हणून तिथल्या कामगार संघटनेने विरोध केला.

इंजिन कुठून आलं ते मात्र आपल्या धंद्यातल्या माणसाने नीट समजून घ्यावं. कंपनीत पिकअप ट्रकसाठी दहा सिलेंडरचं बिडाचं इंजिन तयार होत होतं. बिडाचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मुख्य धड, गाडीत टाकला असता तर पुढचं टोक जड होऊन गाडी वळताना नाक ओढत गेली असती. तेव्हा लॅम्बोर्गिनी कंपनी क्रायस्लरच्या मालकीची होती. अॅल्युमिनियम ओतकामात ते तरबेज, म्हणून ब्लॉक आणि त्याच्यावर बसणारं हेड अॅल्युमिनियममध्ये नव्याने ओतायचं काम त्यांच्याकडे गेलं. बोअर मात्र बिडाच्या लायनरचाच, म्हणजे आत बसवलेल्या नळीचाच राहिला. लॅम्बोर्गिनी म्हटलं की आपल्याकडे पोरांना पिवळी गाडी आठवते. मी त्यांना सांगतो, त्या माणसाने १९४८ साली धंदा सुरू केला तो ट्रॅक्टरचा. निफाडच्या शेतकऱ्याला हे सांगितलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा, एकच, तोही ब्लॉकमध्ये. पुश रॉड, रॉकर, सिलेंडरमागे दोन व्हॉल्व्ह. आपल्या ट्रॅक्टरचं हेड खोललं की जे दिसतं, तेच. फरक मापाचा आणि फिनिशिंगचा.

आता कानाने ओळखायची गोष्ट. दहा सिलेंडरच्या इंजिनात क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, दोन फेरे फिरला, म्हणजे ७२० अंश, की सगळे सिलेंडर एकदा पेटून होतात. ७२० भागिले १० म्हणजे ७२. दर ७२ अंशांना एक ठोका पडला तर ताल सरळ. पण व्हायपरच्या दोन रांगांमधला कोन ९० अंशांचा आहे आणि समोरासमोरचे दोन कनेक्टिंग रॉड क्रँकच्या एकाच पिनवर आहेत. त्यामुळे ठोके ९०, ५४, ९०, ५४ असे पडतात. हे टेबलावर बोटांनी वाजवून बघा: लांब, आखूड, लांब, आखूड. आमच्या दुकानातला ओंकार गणपतीत ढोल पथकात वाजवतो. त्याला कागदावरचे अंश कळले नव्हते, ठोका कळला. "काका, हा लंगडा ठेका आहे," म्हणाला. बरोबर. त्यात पहिल्या पिढीत डावीकडच्या पाच सिलेंडरचा धूर डाव्या दाराखालून आणि उजव्यांचा उजव्या दाराखालून निघायचा. बाजूला उभ्या माणसाला एका वेळी पाचच ऐकू यायचे. म्हणून पहिल्या व्हायपरचा आवाज इतर मोठ्या अमेरिकन गाड्यांसारखा गुळगुळीत नाही.

ती पहिली व्हायपर, आरटी/१० नावाची, दिसायलाही सोपी. दाराला बाहेरून कडी नाही. काचा नाहीत, झिपच्या प्लॅस्टिक खिडक्या. एसी नाही, एअरबॅग नाही, एबीएस नाही. हात आत घालून दार उघडायचं. दाराखालच्या सायलेन्सरजवळ पाय नेला की चटका. चारशे घोडे, सहा गिअर आणि चालवणाऱ्याचा उजवा पाय, मध्ये तिसरं कोणी नाही. या प्रामाणिकपणाबद्दल मला ती गाडी आवडते.

दुसरा रकाना भरताना पोरं अडखळतात. १९९६, बोअर १०१.६, स्ट्रोक ९८.६, सीसी ७,९९०. काहीच बदललं नाही? मग एचपी ४५० कसे?

इथे मी वही बाजूला ठेवतो आणि हातातलं काम दाखवतो. मागच्या ऑक्टोबर छाटणीत निफाडचा एक ट्रॅक्टर आला होता, तीन सिलेंडर, धूर मारत होता. बागायतदाराला दोन दिवसांत ब्लोअर लावून फवारणीला जायचं होतं. ओंकारने बोअर गेज घातला, मधोमध माप घेतलं आणि म्हणाला, "काका, ठीक आहे." मी म्हटलं, वर बघ. वरची रिंग जिथे उलटी फिरते तिथे लायनर सगळ्यात जास्त खातो. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या दिशेने एकदा, आडवं एकदा, अशी सहा मापं. वर १८ शतांश मिमी जास्त निघालं. एका ठिकाणचं माप घेऊन इंजिन कळत नाही.

छापील आकड्यावरही विसंबायचं नाही, हे मी नुकसान सोसून शिकलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दुकानातून पिस्टनचा सेट आणला. डब्यावर ०.५० ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा अर्धा मिमी मोठे, असं लिहिलेलं. मी पिस्टन न मोजता डब्यावरचा आकडा धरून बोअर केला. आत निघाले ०.२५ चे. गाडी चालू केली की थंडीत दात वाजावेत तसे पिस्टन वाजायला लागले. पुन्हा खोललं, योग्य पिस्टन शोधून आणले, गिऱ्हाइकाकडून दुसऱ्यांदा एक पैसा घेतला नाही. तेव्हापासून मायक्रोमीटर लावल्याशिवाय पिस्टन टेबलावरून हलत नाही.

१९९६ च्या जीटीएसला, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या व्हायपरला, हाच नियम लावा. लांबून बघितलं तर तीच गाडी, फक्त वर छप्पर आलंय. पण त्या गाडीचे ९० टक्क्यांहून जास्त भाग नवीन होते. ब्लॉक आणि हेड नव्याने ओतले, इंजिन सुमारे ३५ किलोंनी हलकं झालं, पिस्टन फोर्ज्ड, म्हणजे ओतण्याऐवजी ठोकून घडवलेले, हेडचे रस्ते मोकळे, धूर बाजूऐवजी मागून. छपराला दोन फुगवटे, हेल्मेट घातलेल्या दोन डोक्यांसाठी. एअरबॅग आल्या, काचा आल्या. बोअर गेज एवढंच सांगेल की काही बदललं नाही. म्हणून शेवटची ओळ, लिटरमागे एचपी, भरायचीच. ४५० भागिले ७.९९, म्हणजे ५६. इंजिन तेवढंच, श्वास मोठा झाला.

याच शरीराची जीटीएस-आर ही शर्यतीची आवृत्ती फ्रान्सच्या ओरेका संघाने पळवली. ल मां च्या २४ तासांच्या शर्यतीत १९९८, १९९९ आणि २००० अशी सलग तीन वर्षं तिने आपला गट जिंकला. २००० साली डेटोनाच्या २४ तासांत तर सगळ्या गाड्यांमध्ये पहिली आली. ट्रकच्या घराण्यातलं पुश रॉडचं इंजिन २४ तास न थांबता पळून पहिलं येतं, हे वाचलं त्या रात्री मला उशिरापर्यंत झोप लागली नव्हती.

तिसरा रकाना लवकर होतो. २००३, एसआरटी-१०. बोअर ४.०३ इंच, स्ट्रोक ३.९६. सेंटीमीटरमध्ये १०.२३६ आणि १०.०५८, गणित ८,२७७ च्या आसपास येतं. ५०० एचपी, लिटरमागे ६०. अंग टोकदार झालं, गोलाई गेली, सायलेन्सर परत दाराखाली आला आणि घडी होणारं खरं छप्पर मिळालं. कूपे, म्हणजे पक्क्या छपराची गाडी, २००६ मध्ये आली, जीटीएससारखे दोन फुगवटे घेऊन. मला ही पिढी दिसायला कधी फार भावली नाही. पण तिच्या वेळचीच एक गोष्ट वहीच्या समासात लिहायला लावतो: २००४ ते २००६ या काळात कंपनीने हेच इंजिन डॉज रॅम पिकअपमध्ये बसवलं. ट्रकच्या इंजिनापासून निघालं, अॅल्युमिनियमचं होऊन शर्यती जिंकलं आणि परत ट्रकच्या बॉनेटखाली आलं. रॅम एसआरटी-१० ने ताशी १५४ मैलांहून जास्त, म्हणजे जवळपास २४९ किलोमीटरचा वेग गाठून सगळ्यात वेगवान पिकअपचा विक्रम केला.

चौथ्या रकान्यावर मात्र पुरा एक दिवस घालवा. २००८. बोअर ४.०५५ इंच म्हणजे १०३.० मिमी, स्ट्रोक तोच १००.६, सीसी ८,३८२. एचपी ६००.

आता पहिल्या रकान्याशी तुलना करा. बोअर वाढला किती? १.४ मिमी. आमच्याकडे ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० अशी ओव्हरसाइजची पायरी असते. १६ वर्षांत अमेरिकेच्या त्या कंपनीने आमच्या शेवटच्या पायरीपेक्षा जेमतेम थोडा जास्त बोअर वाढवला. स्ट्रोक वाढला दोन मिमी. एकूण सीसी वाढले ३९२, म्हणजे पाच टक्क्यांच्या आत. आणि एचपी? ४०० चे ६००. दीडपट. इंजिनात हवा दाबून भरणारं काही नाही, म्हणजे टर्बो नाही, सुपरचार्जर नाही. लिटरमागे जवळपास ७२.

हे झालं कुठून, याचं अर्धं उत्तर कॅममध्ये आहे, आणि ते समजायला पोरांना मी पाइप देतो. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा घ्या. पाइपला तीन ठिकाणी आडव्या लांबट खाचा पाडा, गोलाईच्या दिशेने, पेराएवढ्या. आत सैल बसेल अशी सळई घाला. सळईला खाचांसमोर भोकं पाडून त्यात खिळे घट्ट बसवा म्हणजे ते खाचेतून बाहेर डोकावतील. आता पाइप एका हातात घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने सळई थोडी फिरवा. पाइप जागेवर, खिळे मात्र खाचेएवढे सरकतात.

साध्या कॅमशाफ्टवर इनटेकचे (हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचे) आणि एक्झॉस्टचे (धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचे) उंचवटे एकाच दांड्यावर घडवलेले असतात. एकाचं टायमिंग, म्हणजे उघडण्याची वेळ, हलवलं की दुसऱ्याचंही हलतं. ज्या इंजिनात वर दोन वेगळे कॅम असतात, त्यांना ही अडचण नाही. व्हायपरमध्ये कॅम एकच, आणि तो ब्लॉकमध्ये. म्हणून त्यांनी कॅमच पोकळ केला, आत दुसरा शाफ्ट घातला आणि एक्झॉस्टचे उंचवटे पिनने आतल्या शाफ्टला जोडले. तुमच्या हातातला पाइप म्हणजे इनटेक, खिळे म्हणजे एक्झॉस्ट. गाडी सिग्नलला उभी असताना दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे राहण्याचा वेळ कमी ठेवायचा, म्हणजे इंजिन सावकाश पण नीट चालतं आणि धूर नियमात बसतो. जोरात पळताना तो वेळ वाढवायचा, म्हणजे बाहेर पडणारा धूर ताजी हवा आत ओढून घेतो. आधी या दोन्हींमध्ये तडजोड करून एकच कॅम घासावा लागायचा. आता तडजोड उरली नाही, म्हणून आणखी धीट कॅम वापरता आला. विक्रीच्या गाडीत पुश रॉडच्या इंजिनाला हे देणारे ते पहिले. हेडही नव्याने केले, व्हॉल्व्ह मोठे केले, ते उरलेलं अर्धं उत्तर.

मला विचाराल तर पाचही पिढ्यांतलं सगळ्यात मोठं काम हेच आहे. सगळं जग वर दोन-दोन कॅम लावत असताना यांनी जुनी रचना टाकून दिली नाही, तिच्या पोटात नवीन जागा शोधली.

याच पिढीच्या एसीआर या हलक्या, पंख लावलेल्या गाडीने ऑगस्ट २००८ मध्ये जर्मनीच्या न्युर्बुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकवर एका फेरीला ७ मिनिटं २२.१ सेकंद वेळ दिली. २०११ मध्ये तीच वेळ ७ मिनिटं १२.१३ झाली. उत्पादन २०१० च्या मध्याला थांबलं होतं. २००९ मध्ये कंपनीच दिवाळखोरीतून जात होती, व्हायपर पुन्हा येईल असं कोणाला वाटत नव्हतं.

ती आली, एप्रिल २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात. पाचवा रकाना: २०१३, बोअर-स्ट्रोक चौथ्याचाच, ६४० एचपी, पुढे २०१५ पासून ६४५. लिटरमागे ७६ ते ७७. इथे माप घ्यायचं ते बोअरचं नाही, वजनाचं. बॉनेट, छप्पर आणि डिकीचं झाकण कार्बन फायबरचं, दारं अॅल्युमिनियमची. घसरणारी गाडी सावरणारं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पहिल्यांदा आलं, कारण तोवर अमेरिकेत ते कायद्याने बंधनकारक झालं होतं. २०१६ च्या एसीआरचा मागचा पंख आणि पुढची जीभ मिळून पूर्ण वेगात गाडीला जमिनीवर जवळजवळ टनभर जोराने दाबत. २०१७ मध्ये मालकांनी आपसांत पैसे गोळा करून ती पुन्हा न्युर्बुर्गरिंगला नेली आणि ७ मिनिटं १.३ सेकंद वेळ दिली.

सगळ्या गाड्या १९९५ पासून डेट्रॉइटच्या कॉनर अॅव्हेन्यूच्या छोट्या कारखान्यात हाताने जुळवल्या गेल्या. ती इमारत आधी चॅम्पियन स्पार्क प्लगची होती. ऑगस्ट २०१७ मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली. विक्री कमी होती, आणि नव्या नियमांना लागणाऱ्या बाजूच्या पडदा-एअरबॅगसाठी त्या छपराखाली जागा नव्हती.

वही भरली की शेवटी फोटोची परीक्षा घ्या. बॉनेट उघडलेलं नसतं, मग बोअर कसा सांगणार? क्रमाने बघा. दाराला बाहेरून कडी नसेल, खिडकीला काच नसेल आणि सायलेन्सर दाराखाली असेल तर पहिली. तेच गोल अंग पण सायलेन्सर मागे मधोमध, तर दुसरी, छप्पर असो वा नसो. टोकदार अंग आणि दाराखाली सायलेन्सर असेल तर तिसरी किंवा चौथी, मग बॉनेट निरखा: गरम हवा काढणाऱ्या फटी ठळक असतील तर चौथी. उघडं छप्पर मुळीच मिळत नाही, फक्त कूपे, आणि अंग पुन्हा थोडं गोलावलेलं, ती पाचवी. पिढी सांगितली की लगेच बोअर, स्ट्रोक आणि लिटरमागे एचपी तोंडपाठ म्हणायचे. नाहीतर ओळख अर्धी.

मागच्या आठवड्यात एका ट्रक ड्रायव्हरने मोबाईलवर निळ्या गाडीचा फोटो दाखवला, पांढरे दोन पट्टे. होनिंग मशीनवरून हात पुसत ओंकार आला, फोटो बोटांनी मोठा केला, मागचा भाग शोधला.

"दुसरी. एकशे एक पॉइंट सहा, अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. छप्पन्न."

मग मशीनवर परत गेला, कारण ट्रॅक्टरचा तिसरा सिलेंडर अजून दोन शतांश मिमी राहिला होता.